खाणींतील दोन वह्या

लिहिलेलें तें खरें, अशी लिहितांवाचतां येणाऱ्या समाजाची एक भोळी समजूत असते. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांचा चरितार्थ लेखणीवर चालला, कारकुनी, वकिली, शिक्षकी, हिशेबनिशी आणि अलीकडे इंजिनीयरी हेच ज्यांचे व्यवसाय, त्या आमच्या घरांत तर ही समजूत अधिकच घट्ट असावयाची. वहींत नोंद आहे, खालीं सही आहे, वर शिक्का आहे; मग आणखी काय हवें? या लेखांत आम्ही वाचकांना अशा एका धंद्याकडे नेणार आहों कीं, जेथें वहींतील एक ओळ खोटी निघाली तर केवळ पैशाचें नुकसान होऊन भागत नाहीं, माणसें मरतात. तो धंदा म्हणजे खाणीचा.

खाणीशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. भिंतीवरची कळ दाबतांच जो दिवा लागतो, तो आपल्या देशांत अजून बहुतांशीं कोळशावर लागतो. कोराडी आणि चंद्रपूर येथील वीजकेंद्रें कोळसा जाळून चालतात; आणि कोळसा निघतो तो वर्धा नदीच्या खोऱ्यांतूनहि, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी या आपल्याच मराठी मुलखांतून. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचें मुख्य ठाणें नागपुरास आहे, आणि देशांतील खनिजांची मोजदाद ठेवणाऱ्या इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचें मुख्य कार्यालयहि तेथेंच आहे. तेव्हां हा प्रश्न परमुलखांतला म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. तथापि त्याचें मर्म कळण्यासाठीं प्रथम थोडें दूर, खाणींचे कायदे जेथें जन्मास आले त्या इंग्लंडांत जावें लागतें.

प्रत्येक कलमामागें एक स्मशान

२५ मे १८१२ रोजीं उत्तर इंग्लंडांतील फेलिंग येथल्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मरण पावलीं. कोळशाच्या थरांत मिथेन नांवाचा वायु कोंडलेला असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. कोळसा फोडूं लागलें कीं तो बाहेर पडतो; हवेंतील त्याचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान आलें आणि ठिणगी मिळाली कीं भडका उडतो. त्या काळीं मजूर मेणबत्तीच्या उघड्या उजेडांत काम करीत. म्हणजे ठिणगी ज्याच्या त्याच्या हातांतच असे. फेलिंगचे धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनीं मृतांची हकीकत छापून प्रसिद्ध केली, लोकांच्या मनाला ती लागली, आणि पुढें १८१५ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं आपला सुप्रसिद्ध दिवा सिद्ध केला. ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली कीं ज्योतीची उष्णता त्या जाळींतच पसरून जाते व बाहेरचा वायु पेट घेत नाहीं, एवढीच ती युक्ति.

या दिव्यानें स्फोट थांबावयास हवे होते. पण तसें झालें नाहीं. दिवा हातीं येतांच, पूर्वीं धोक्याचे म्हणून टाकून दिलेल्या थरांतहि मालकांनीं मजूर उतरविले. संरक्षणाचें साधन हाच अधिक धोका पत्करण्याचा परवाना झाला. मनुष्यस्वभावाचा हा विशेष वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां भेटणार आहे.

४ जुलै १८३८ रोजीं यॉर्कशायरांतील सिल्कस्टोन येथें वादळी पावसाचा लोंढा खाणीच्या वाटेंत शिरून २६ मुलें बुडालीं. त्यांत सात वर्षांचेंहि मूल होतें. या व अशा गोष्टींची चौकशी होऊन १८४२ सालीं कायदा झाला, आणि स्त्रियांना व दहा वर्षांच्या आंतील मुलांना जमिनीखालीं कामास नेण्याची बंदी झाली. १६ जानेवारी १८६२ रोजीं न्यू हार्टले येथें पाणी उपसणाऱ्या एंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई मोडून तिचा तुकडा खाणीच्या उभ्या विहिरींत कोसळला. जाण्यायेण्याची वाट ती एकच. ती बुजली आणि २०४ पुरुष व मुलगे आंत गुदमरून मेले. प्रत्येक खाणीला निदान दोन वाटा असल्याच पाहिजेत, हा कायदा त्याच वर्षीं झाला.

१० मार्च १९०६ रोजीं उत्तर फ्रान्सांतील कुरिएर येथें तर १०९९ माणसें एका दिवशीं गेलीं. तेथें जगाला एक गोष्ट नीट कळली: वायूहून कोळशाची धूळ अधिक भयंकर असते. वायूचा लहानसा स्फोट झाला कीं त्याच्या धक्क्यानें जमिनीवर बसलेली धूळ हवेंत उडते. ती पेटते, त्या धक्क्यानें पुढची धूळ उडते, आणि अशा रीतीनें ज्वाळा मैलच्या मैल धांवत जाते. यावर उपाय निघाला तो अगदीं साधा. बोगद्यांतून पांढऱ्या चुनखडीची पूड पसरून ठेवावयाची. स्फोट झाला कीं तीहि कोळशाच्या धुळीबरोबर उडते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाळेची सांखळी तोडते.

खाणींचे नियम वाचावयास बसलें तर ते अत्यंत रुक्ष वाटतात. इतक्या अंतरावर टेकू, इतका वारा, इतकी पूड, इतक्या तासांनीं तपासणी. परंतु त्यांतील बहुतेक कलमाखालीं कोणत्या ना कोणत्या गांवचें स्मशान आहे. कोणा पंडितानें टेबलाशीं बसून तीं कल्पिलेलीं नाहींत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपल्यांत म्हण आहे. येथें तर माणसें मेल्यावर वाट खणली, आणि निदान पुढच्यांनीं तरी त्या वाटेनें जिवंत बाहेर यावें म्हणून तें कलम लिहून ठेवलें.

मुदतवाढ

कायदा झाला म्हणजे काम झालें असें नाहीं. १८४२ च्या कायद्यावर देखरेख करण्यास सबंध देशाला एकच अधिकारी नेमला होता, आणि त्यानें खाणींत उतरावें अशी अपेक्षाहि नव्हती. जमिनीवर राहून जमिनीखालचा कायदा पाळला जातो कीं नाहीं हें त्यानें पाहावयाचें! १८५० च्या कायद्यानें निरीक्षकांना खालीं उतरून पाहण्याचा अधिकार मिळाला, तेव्हां कायद्याला प्रथम डोळे फुटले.

आपल्याकडेहि क्रम हाच. १८९७ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींत ५२ आणि बलुचिस्तानांतील खोस्त येथील कोळशाच्या खाणींत ४७ माणसें मेलीं. त्यानंतर कायद्याच्या विचाराला वेग आला, १९०१ सालीं पहिला खाण कायदा झाला, आणि १९०२ सालीं कलकत्त्यास खाण-निरीक्षणाची कचेरी उघडली. १९०८ सालीं ती धनबादला गेली. खाण-सुरक्षा महानिदेशालय या नांवानें ती आजहि तेथेंच आहे.

निरीक्षक असूनहि काय घडूं शकतें याचें उदाहरण दक्षिण वेल्समधील सेंघेनिड या गांवचें आहे. तेथील युनिव्हर्सल खाणींत १९०१ सालीं स्फोट होऊन ८१ माणसें मेलीं होतीं. म्हणजे खाणीचा स्वभाव सर्वांस ठाऊक होता. १९११ च्या इंग्रजी कायद्यानें असें ठरविलें कीं, खाणींत वारा खेळविणारा पंखा प्रसंगीं उलट दिशेनेंहि वारा फिरवूं शकेल अशी सोय पाहिजे. हेतु उघड आहे: आंत आग लागली तर तोच वारा धूर व विष घेऊन कामगारांकडे जातो, तो उलटवितां आला तर माणसें वांचण्याचा संभव असतो. ही सोय १ जानेवारी १९१३ पर्यंत व्हावयाची होती. काम झालें नाहीं. अर्ज गेला, मुदतवाढ मिळाली ती सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबरहि उलटला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं सकाळीं आठ वाजून गेल्यावर स्फोट झाला. खालीं सुमारें ९५० माणसें होतीं. ४३९ कामगार मेले आणि त्यांना सोडविण्यास गेलेला एक जण मेला.

पुढें खटला झाला. खाणीच्या व्यवस्थापकाला एकंदर २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड दंड आणि खर्चाचे ५ पौंड ५ शिलिंग. एका वर्तमानपत्रानें भागाकार करून दाखविला कीं, एका जिवाची किंमत एक शिलिंग आणि सव्वा पेनी पडली.

मुदतवाढ हा शब्द आपल्या कचेऱ्यांतून रोज ऐकूं येतो, आणि तो पुष्कळदां निरुपद्रवीहि असतो. कराचा तक्ता महिन्यानें उशिरां गेला तर थोडा दंड भरून सुटतां येतें. परंतु खाणींतील वायूला मुदतवाढीचा हुकूम दाखवितां येत नाहीं.

कच्ची वही आणि पक्की वही

कायदा न पाळणें ही एक पायरी. पाळल्याचें लिहून न पाळणें ही त्याच्या खालची. या दुसऱ्या पायरीचें आमच्या माहितींतील सर्वांत ठळक उदाहरण एकविसाव्या शतकांतलें, आणि तेंहि अमेरिकेसारख्या संपन्न देशांतलें आहे.

वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत मॉंटकोल या गांवाजवळ मॅसी एनर्जी या कंपनीची अपर बिग ब्रॅंच नांवाची खाण होती. तेथें कायदा कडक. १९६८ सालीं त्याच संस्थानांत फार्मिंग्टन येथें ७८ माणसें मेल्यानंतर १९६९ चा कायदा झाला होता, आणि जमिनीखालील प्रत्येक कोळसाखाणीची वर्षांतून निदान चार वेळां सबंध तपासणी झालीच पाहिजे असें बंधन होतें. तपासनीस येत होते, शेरे मारीत होते, दंडहि करीत होते. तरीसुद्धां ५ एप्रिल २०१० रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास स्फोट झाला आणि २९ माणसें मेलीं.

चौकशींत जें निघालें तें पाहिलें म्हणजे मन सुन्न होतें. कोळसा खरवडून काढणाऱ्या प्रचंड यंत्राचे दांते झिजलेले होते. असे दांते वाळूच्या दगडावर घांसले कीं ठिणग्या उडतात. त्या विझविण्यासाठीं यंत्रावर पाण्याचे फवारे असतात. त्यांतले कांहीं जागेवर नव्हते. म्हणून थोडासा वायु पेटला. एवढ्यावर तें निभावलें असतें. पण बोगद्यांतून कोळशाची धूळ सांचलेली होती आणि चुनखडीची पूड पुरेशी पसरलेली नव्हती. ज्वाळा खाणीच्या वाटांतून दोन मैलांहून अधिक धांवत गेली. शंभर वर्षांपूर्वीं कुरिएरनें शिकविलेला धडा त्या खाणींत पुन्हां गिरविला गेला. दांते, फवारे, पूड, वारा, यांपैकीं एकहि गोष्ट दुर्मिळ किंवा अवघड नव्हती, आणि प्रत्येकीबद्दल नियम होता.

मग नियम असतांना हें झालें कसें? आपल्या जुन्या पेढ्यांवर कच्ची वही आणि पक्की वही असे. कच्च्या वहींत घडेल तसें टिपावयाचें आणि तेंच पक्क्या वहींत नीट उतरवावयाचें, हा त्यांतला सरळ मार्ग. सरकारला एक दाखवावयाची आणि खरा व्यवहार दुसरींत ठेवावयाचा, हा वांकडा. अपर बिग ब्रॅंचमध्यें हा वांकडा मार्ग होता. कायद्यानें जी तपासणीची वही ठेवावयाची, जी निरीक्षक पाहतो, तींत धोके उतरविले जात नव्हते. तेच धोके कंपनीच्या आंतल्या उत्पादनाच्या व दुरुस्तीच्या वहींत मात्र लिहिलेले आढळले! म्हणजे धोका दिसत नव्हता असें नाहीं. तो दिसत होता, लिहिला जात होता, आणि जेथें तो वाचल्यानें काम थांबलें असतें त्या वहींतून तेवढा वगळला जात होता. याशिवाय निरीक्षकाची गाडी फाटकाशीं आली कीं खालीं सांकेतिक शब्दांनीं वर्दी जाई, आणि तो पोंचेपर्यंत थोडीबहुत झांकपांक होई.

हें कोणा एका आळशी मुकादमाचें काम नव्हे. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लॅंकनशिप यांनीं २००५ सालीं आपल्या खाणींच्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली होती. तिचा आशय असा कीं, कोळसा काढण्याखेरीज दुसरें कांहीं बांधकाम वगैरे करावयास कोणीं सांगितलें तर तिकडे लक्ष न देतां कोळसा काढीत राहावें. वरून अशी हवा सुटली कीं खालच्या माणसाच्या लेखणीला तिची दिशा आपोआप कळते. किती टन निघाला हें त्याला रोज विचारलें जातें. किती पूड पसरली हें विचारण्यास कोणी येत नाहीं. त्यानें काय लिहावें हें मग सांगावें लागत नाहीं.

डिसेंबर २०११ मध्यें अमेरिकेच्या खाण-सुरक्षा खात्यानें ३६९ आरोप ठेवून सुमारें १ कोटि ८ लक्ष डॉलर दंड बसविला. मॅसी कंपनी तोंपर्यंत दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली होती, आणि तिनें सरकारशीं सुमारें २१ कोटि डॉलरची तडजोड केली. सुरक्षेचे नियम जाणून बुजून मोडण्याचा कट केल्याबद्दल ब्लॅंकनशिप यांना २०१५ सालीं ज्यूरीनें दोषी ठरविलें. इतर गंभीर आरोपांतून ते सुटले. एप्रिल २०१६ मध्यें त्यांस एक वर्षाची कैद आणि अडीच लक्ष डॉलर दंड झाला. त्या गुन्ह्याला कायद्यांत याहून अधिक कैदेची तरतूदच नव्हती. सेंघेनिडच्या भागाकाराची आठवण कोणास झाली तर त्यास दोष देतां येणार नाहीं. आणि नेहमींप्रमाणें नियमहि झाला: ताजी हवा ज्या वाटांनीं आंत येते तेथील धुळींत न जळणाऱ्या पुडीचें प्रमाण शेंकडा ६५ पुरे होतें, तें ८० करण्यांत आलें.

सरदाराची ओळ, मोजणीदाराची रेघ

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्या कोळसाखाणींत 'सरदार' नांवाचा एक अधिकारी असतो. पदवी ऐकून कोणास पेशवाईची आठवण होईल. पण हा सरदार परीक्षा देऊन सनद मिळविलेला, खाणीच्या एका भागाची देखरेख करणारा माणूस आहे. पाळी सुरू होण्यापूर्वीं त्यानें आपल्या भागांत फिरावयाचें, काठीनें छत ठोकून त्याचा आवाज ऐकावयाचा, कारण सैल दगड पोकळ वाजतो. वायु किती आहे तें उपकरणानें मोजावयाचें; वायूचें प्रमाण शेंकडा सव्वा झालें कीं माणसें बाहेर काढावयाचीं. आणि हें सर्व पृष्ठांक घातलेल्या बांधीव वहींत लिहून खालीं सही करावयाची. कामगार त्याच्या मागून आंत जातात. त्यांतला कोणीहि ती वही उघडून पाहत नाहीं; पण ती ओळ खरी आहे एवढ्याच विश्वासावर तो त्या छताखालीं आठ तास उभा राहतो.

दुसरा कागद नकाशाचा. जुनी खाण बंद पडली कीं तिच्या पोकळ्यांत पाणी सांचतें. शेजारीं किंवा खालीं नवी खाण चालविणाऱ्याला तें पाणी दिसत नाहीं. त्याला दिसते ती मोजणीदारानें नकाशावर ओढलेली रेघ. म्हणून अशा पाण्याच्या ६० मीटरच्या आंत लेखी परवानगीवांचून काम नेऊं नये, आणि परवानगी मिळाली तरी पुढें भोकें पाडून पाणी चांचपीत जावें, असा नियम आहे. १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यूटन चिखली या खाणींत असेंच पाणी शिरून ६३ माणसें बुडालीं. ही खाण छिंदवाडा जिल्ह्यांतली. त्या काळीं तो जिल्हा ज्या मध्यप्रदेशांत होता त्याची राजधानी नागपूर होती.

त्याहून कितीतरी मोठा अनर्थ धनबादजवळ चासनाला येथें २७ डिसेंबर १९७५ रोजीं झाला. दुपारची वेळ होती. जुन्या कामांत सांचलेलें पाणी मधली भिंत फोडून चालू खाणींत घुसलें आणि ३७५ माणसें गेलीं. पाणी उपसण्यास आठवड्यांमागून आठवडे लागले. वर बायकामुलें फाटकाशीं बसून राहिलीं. ही खाण कोणा नफेखोर सावकाराची नव्हती. तिचें व्यवस्थापन त्या वेळीं सरकारच्या हातीं होतें. कोळशाच्या धंद्याचें राष्ट्रीयीकरण १९७२ व १९७३ सालीं झालें तें कामगारांच्या जिवाची हेळसांड थांबावी या हेतूनेंहि झालें होतें. मालक बदलला म्हणजे वही आपोआप खरी होते असें नाहीं, हें चासनालानें दाखविलें. या प्रकरणीं धनबादच्या न्यायालयानें दोघां अधिकाऱ्यांना एकेक वर्षाची शिक्षा दिली ती २०१२ सालीं, म्हणजे छत्तीस वर्षांनीं. ज्या मुलांचे बाप त्या दुपारीं परत आले नाहींत तीं मुलें तोंपर्यंत स्वतः प्रौढ झालीं होतीं.

या काळोखांत एक उजेडाची गोष्टहि सांगितली पाहिजे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजीं राणीगंजच्या महावीर खाणींत पाणी शिरलें. ७१ जण अडकले. त्यांतले सहा बुडाले. जसवंतसिंग गिल या इंजिनीयरानें पोलादाची एक उंच पेटी तयार करविली, वरून सरळ भोंक पाडविलें, आणि स्वतः त्या पेटींतून खालीं उतरून उरलेल्या ६५ जणांना एकेक करून वर पाठविलें. सर्वोत्तम जीवनरक्षा पदकानें त्यांचा गौरव झाला, आणि तो सर्वस्वीं योग्य होता. पण अशा पराक्रमाला टाळ्या वाजवितांना एक गोष्ट विसरूं नये. वरून भोंक नेमकें कोठें पाडावयाचें हें ठरविण्यास खालचा नकाशा हाताशीं लागतो, आणि आंत किती माणसें आहेत हें हजेरीच्या वहीवरूनच कळतें. शौर्यालाहि शेवटीं खऱ्या कागदाचा आधार लागतो.

वहींत नसलेलीं माणसें

हजेरीच्या वहीचा उल्लेख आला म्हणून सांगतों, खोट्या नोंदीहून वाईट अशी एक स्थिति आहे. ती म्हणजे नोंदच नसणें. मेघालयांत उंदराच्या बिळासारखीं भोकें पाडून कोळसा काढीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१४ सालीं त्यास मनाई केली. १३ डिसेंबर २०१८ रोजीं पूर्व जैंतिया डोंगरांतील क्सान येथें अशाच एका बेकायदा खाणींत पाणी भरून १५ जण गेले. तेथें नकाशा नव्हता, सरदार नव्हता, वहीहि नव्हती.

कायदेशीर खाणींतहि एक अर्धवट नोंदलेला वर्ग आहे. आज आपला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथें वायूचें भय कमी. पण मातीचे डोंगर ढांसळण्याचें आणि अजस्र गाड्यांखालीं सांपडण्याचें भय मोठें. २९ डिसेंबर २०१६ रोजीं झारखंडांतील राजमहल येथें असा डोंगर ढांसळून २३ माणसें गाडलीं गेलीं. ते लोक कंत्राटदाराचे होते. काम कंपनीचें, माणूस कंत्राटदाराचा, असें झालें कीं प्रशिक्षण कोणीं द्यावयाचें आणि धोका कोणीं सांगावयाचा याची टोलवाटोलवी सुरू होते.

आणि एक स्फोट असा आहे कीं, त्याचा आवाजच होत नाहीं. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षें छातींत सांचत जाते आणि फुप्फुसें काळीं व निबर होतात. दगडाच्या धुळीनें होणारा सिलिकोसिस हा त्याचाच भाऊ. अपर बिग ब्रॅंचमध्यें मेलेल्यांपैकीं २४ जणांच्या फुप्फुसांची तपासणी करतां आली. त्यांतल्या १७ जणांना हा रोग जडलेला होता. म्हणजे स्फोट झाला नसता तरी ती खाण त्यांचे श्वास थोडथोडे घेतच होती. धूळ किती आहे हेंहि मोजूनच लिहावयाचें असतें, आणि तो आंकडाहि कोणाच्या तरी सहीनेंच खरा किंवा खोटा होतो.

सही कोणाची?

आपल्या देशांतील खाणींचा १९५२ चा कायदा जाऊन त्याच्या जागीं व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिति यांविषयींची २०२० ची संहिता आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलांत आहे. तिनें निरीक्षकाचें नांवहि बदललें. तो आतां तपासणी करणारा तसाच सोय लावून देणाराहि झाला आहे. या बदलाचे गुणदोष अनुभवानें ठरतील. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, १८४२ पासून आजवर कायद्याचीं जितकीं रूपें झालीं त्या सर्वांना एकच मर्यादा आहे. निरीक्षक वर्षांतून थोडे दिवस येतो. वही रोज लिहिली जाते. निरीक्षक नसलेल्या दिवशीं कायदा म्हणजे ती वही लिहिणाऱ्या माणसाची सचोटीच होय.

हा माणूस कोण? टिकाव घेऊन कोळसा फोडणारा तो नव्हे. तो शिकलेला आहे. मोजणीदार, ओव्हरमन, सुरक्षा अधिकारी, व्यवस्थापक, आणि दूर शहरांत बसून खर्चाच्या तक्त्यांतून पुडीचा व टेकूंचा आंकडा कमी करणारा हिशेबनीसहि तोच. आमच्या वाचकांच्या घरांतून आजवर असलींच माणसें निघालीं आणि पुढेंहि निघतील. कोणी खाणींत, कोणी कारखान्यांत, कोणी पुलाच्या व धरणाच्या कामावर. 'कागदी घोडे नाचविणें' असें आपण थट्टेनें म्हणतों. परंतु त्या घोड्यांच्या टापांखालीं माणसें येतात तेव्हां तीं बहुधा आपल्या ओळखीचीं नसतात, म्हणून ती थट्टा आपणांस सोसते.

खोटी सही एकाएकीं होत नाहीं. नव्या नोकरींतल्या मुलाला वरचा अधिकारी हंसत सांगतो कीं, आजचा दिवस लिहून टाका, उद्यां करूं. उद्यां तें होत नाहीं, आणि कांहीं बिघडतहि नाहीं. महिनाभर बिघडलें नाहीं म्हणजे न पाहतां लिहिणें ही रीत होते. आणि जो पाहिल्यावांचून लिहिणार नाहीं म्हणतो, तो हट्टी, अव्यवहारी, कामाचा खोळंबा करणारा ठरतो. त्याची बढती अडते, आडगांवीं बदली होते, आणि सुट्टींत तो घरीं येतो तेव्हां त्याला ऐकावें लागतें कीं, बाबा रे, चारचौघांसारखें वागावें. सहीच तर होती, त्यांत तुझें काय जात होतें?

हें वाक्य त्याचा अधिकारी बोलत नाहीं, आपण बोलतों. आईवडील बोलतात, सासरचीं माणसें बोलतात. कंपनीनें जें दडपण आणावयाचें तें आणलेलेंच असतें. त्यावर शेवटचा दगड घरचीं माणसें ठेवतात. निरीक्षक किती नेमावे आणि दंड किती असावा हें सरकारनें ठरवावें. पण जो मुलगा किंवा मुलगी छत ठोकून पाहिल्यावांचून सही करीत नाहीं, आणि त्यापायीं एक बढती मागें राहते, तिला घरांत काय वागणूक मिळावी, हें ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. त्या दिवशीं जेवणाच्या वेळीं त्याला किंवा तिला एवढेंच विचारावें कीं, तुझ्या पाळींतलीं सगळीं माणसें वर आलीं ना? उत्तर होय असें आलें, तर बढतीचा विषय त्या दिवशीं काढूं नये.